तिनं स्वतःच्या हातानं केलं



गेल्या पावसाळ्यात आमच्या दोन दिवसांच्या शिबिरातलं सकाळचं सत्र बुडालं. ओढ्याला पाणी आलं आणि कायद्यावर बोलायला येणाऱ्या वकीलबाई पलीकडच्या काठावर अडकल्या. तीसेक बायका, गळका हॉल, चहा होऊन गेलेला. एका कार्यकर्तीच्या कॉलेजातल्या मुलीनं सुचवलं, माझ्याकडे जुने भुताखेताचे इंग्रजी सिनेमे आहेत, लावू का? मी मनातून नाराजच होते. शिबिरात सिनेमा दाखवायचा तर तो 'विषयाला धरून' असावा, ही आपली जुनी खोड. पण बायका म्हणाल्या, लावा की! मग तिनं 'व्हाइट झॉम्बी' लावला आणि मी शेजारी बसून संवादांचा अर्थ सांगू लागले.

हा १९३२ सालचा अमेरिकन सिनेमा. हॅल्परिन बंधूंनी तो जेमतेम अकरा दिवसांत उरकला. पैसा नव्हता, म्हणून 'ड्रॅक्युला', 'फ्रँकेन्स्टाइन' अशा मोठ्या चित्रपटांसाठी उभारलेले सेट उसने घेतले. गोष्ट हैती बेटावरची. लग्न करायला आलेली मॅडलिन, तिचा नवरदेव नील, तिच्यावर डोळा ठेवून असलेला मळेवाला बोमाँ आणि माणसाचं मन काबूत घेऊन त्याला चालतं प्रेत बनवणारा लजाँद्र. त्याच्या भूमिकेत बेला लुगोसी. तो बोटांत बोटं गुंतवून मुठी आवळतो, पडदाभर त्याचे नुसते डोळे दिसतात, आणि समोरच्याचं मन गेलंच म्हणून समजा.

बायका हसून हसून लोळल्या. डोळे मोठे झाले की एकजण ओरडायची, "आला गं ग्रामसेवक!" नट शाळेच्या गॅदरिंगमध्ये बोलावं तसे थांबून थांबून बोलतात. गिधाडाचं ओरडणं ऐकून तर एकीच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मला अशा सिनेमांची आवड विद्यार्थिदशेपासून आहे. चळवळीत आल्यावर ती लपवून ठेवली होती, हे आज कबूल करते. वाईट सिनेमाची एक गंमत असते. तो आपल्यावर दडपण आणत नाही. चांगल्या सिनेमासमोर आपण गप्प बसतो, अशा सिनेमासमोर आपण बोलतो. आणि बायकांनी एकत्र बसून मोठ्यानं बोलावं, यासाठी तर आपण शिबिरं घेतो!

मग साखर कारखान्याचा प्रसंग आला. लजाँद्रचा कारखाना ही चालती प्रेतं चालवतात. डोक्यावर टोपल्या घेऊन एकामागे एक येतात, ऊस ओततात, जातात. खाली आणखी काहीजण घाण्याचा प्रचंड दांडा ढकलत गोल गोल फिरतात. संगीत नाही, फक्त लाकडाचं करकरणं. एक माणूस तोल जाऊन घाण्यात पडतो. कुणी वळून बघत नाही. घाणा चालूच राहतो. लजाँद्र पाहुण्याला सांगतो की, माझे कामगार इमानदार आहेत, कामाचे तास जास्त झाले तरी त्यांची कुरकुर नसते.

हॉलमधलं हसणं थांबलं. बीडकडची एक बाई बसली होती, नवऱ्याबरोबर पंधरा हंगाम ऊस तोडलेली. ती म्हणाली, "ह्याला डोळे कशाला वटारावं लागत्यात? उचल दिली की झालं."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हंगामाआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला मिळून आगाऊ रक्कम देतो, ती उचल. जोडीला म्हणायचं एक कोयता. उचल फिटेपर्यंत फडातून हलायचं नाही, आणि खाडा पडला तर दंड. पाळीच्या दिवसांत, पोटात दुखतं म्हणून बसलं तरी खाडाच. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न वर्तमानपत्रांत गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बाईचं पुढचं वाक्य असं होतं: "आमच्यात पिशवी काढायला बाई स्वतःच जाती. कुणी वढून नेत नाही. कागदावर अंगठा पण तिचाच."

सिनेमा तिथंच थांबवला. वकीलबाईंचं सत्र झालं नाही, पण जे झालं ते त्याच सत्राचं होतं.

मनावर ताबा मिळवण्याचे हे स्वस्त सिनेमे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात: काम तिच्या हातानं झालं, तर ते केलं कुणी? प्रश्न खरा आहे, म्हणून रबरी मुखवटे आणि पुठ्ठ्याच्या भिंती असूनही ते पाहवतात. त्या रात्री झोप येईना म्हणून मी त्या मुलीकडून दुसरा सिनेमा मागून घेतला. १९६० सालचा 'द हिप्नॉटिक आय'. हा तर आणखीनच भडक. प्रेक्षकांवरही संमोहन करू, अशी याची जाहिरात होती आणि त्यासाठी थिएटरात डोळा छापलेले फुगे वाटले होते. गोष्ट अशी की, शहरातल्या सुंदर बायका एकामागून एक स्वतःला विद्रूप करून घेतात. का केलं ते त्यांना आठवत नाही. पोलीस चक्रावतात, कारण गुन्हेगारच सापडत नाही. पहिल्याच दृश्यात एक तरुण बाई केस धुते आणि शांतपणे पेटत्या गॅसच्या शेगडीवर वाकते.

अमेरिकेतल्या प्रेक्षकाला ती किळसवाणी करमणूक वाटली असेल. मला मात्र जळीत वॉर्डाचा वास आला. १९८० नंतरच्या दशकात ज्या कार्यकर्त्या त्या वॉर्डांच्या पायऱ्या चढल्या, त्यांना वेगळं सांगायला नको. खाटेवर वीस-बावीस वर्षांची मुलगी, उशाशी सासू, पायथ्याशी नवरा, आणि जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराला मुलगी पुटपुटते, "स्टोचा भडका उडाला." मी स्वतः असे जबाब ऐकले आहेत. एकीनं मला खुणेनं जवळ बोलावलं, काही सांगणार होती, तेवढ्यात नणंद मूल घेऊन आत आली आणि तिनं डोळे मिटून घेतले. कागदावर अपघात लागला. जिथं अपघात लागत नसे तिथं आत्महत्या लागे, आणि मग सगळे एका सुरात म्हणत, तिनं स्वतःच्या हातानं केलं, आम्ही काय करणार?

त्या उत्तरावर थांबायचं नाही, हे आपल्या चळवळीनं भांडून कायद्यात लिहून घेतलं. १९८३ साली भारतीय दंड विधानात ४९८अ आलं. त्याच वेळी पुरावा कायद्यात ११३अ आलं: लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईनं आत्महत्या केली आणि तिचा छळ झाल्याचं दिसलं, तर नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी तिला त्यासाठी प्रवृत्त केलं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. १ जुलै २०२४पासून कायदे नवे झाले, कलमांचे आकडे बदलले, पण ही तरतूद राहिली. हात तिचा असला तरी करणारा दुसरा असू शकतो, हे तिनं मान्य केलं आहे. त्यासाठी कुणाला संमोहनविद्या शिकावी लागत नाही. रोजचं टोमणं, माहेरची बंद झालेली वाट, हातात नसलेला पैसा, एवढं पुरतं.

इथंच या सिनेमांचं घोडं पेंड खातं. त्यांना सगळा ताबा एका माणसाच्या डोळ्यांत ठेवायचा असतो. 'द हिप्नॉटिक आय'मध्ये तर शेवटी कळतं की स्टेजवरचा संमोहक नुसता प्यादं आहे. खरी सूत्रधार त्याची साथीदार जस्टिन. तिचा स्वतःचा चेहरा विद्रूप झालेला, म्हणून ती देखण्या बायकांवर सूड उगवते. म्हणजे फिरून फिरून बाईच बाईची वैरीण! चेहरा गेला की बाईचं सगळं गेलं असं जस्टिनला कुणी शिकवलं, हे विचारायचं पटकथाकाराला सुचत नाही. 'व्हाइट झॉम्बी'मध्ये लजाँद्र कड्यावरून खाली पडतो, मॅडलिनच्या डोळ्यांत जान येते आणि ती नवऱ्याच्या मिठीत जाते. ती काही बोलणार तोच म्हातारा मिशनरी मध्ये तोंड घालून काडेपेटी मागतो. सिनेमा संपला. एवढं सोसलेल्या बाईला काय वाटलं हे ऐकायला कुणाला वेळ नाही. आणि घाण्यावरचे ते मजूर? त्यांचं काय झालं, हा प्रश्नही कुणाला पडत नाही.

वास्तविक झॉम्बीची मूळ कल्पना त्यांचीच. हैती ही फ्रेंचांची उसाची वसाहत. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी १७९१मध्ये बंड केलं आणि १८०४मध्ये देश स्वतंत्र केला. मेल्यावरही मालकाच्या शेतात राबावं लागेल, मरणानंही सुटका होणार नाही, ही त्या लोकांची भीती झॉम्बीच्या रूपानं उरली. सिनेमा आला त्या वर्षी हैतीवर अमेरिकेच्या सैन्याचा ताबा होता. तो १९१५ ते १९३४ असा टिकला. त्याचा सिनेमात उल्लेखही नाही. उलट मजुरांची भीती उचलून ती एका गोऱ्या नवरीच्या गळ्यात घातली, आणि मजूर मागच्या पडद्यावर गेले. भय मात्र गेलं नाही. त्या घाण्याच्या दोन-तीन मिनिटांत ते दिग्दर्शकाच्या हातूनही निसटलं आहे.

आणखी एक गोष्ट मला बोचते, ती जरा अडचणीची आहे. मनावर ताबा घेतल्याची गोष्ट आपल्याला सोयीची तशी दुसऱ्यांनाही सोयीची. लोकलच्या डब्यात 'वशीकरण'वाल्या बाबांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, तिकडे आपण हसतो. पण छळ सोसणारी बाई संघटनेत येऊ लागली की सासरचे काय म्हणतात? "ह्या बायकांनी तिचं डोकं फिरवलं." आपण सगळ्यांनी हे ऐकलं आहे. २०१६ साली केरळात २४ वर्षांच्या एका शिकलेल्या मुलीनं धर्म बदलून आपल्या मर्जीनं लग्न केलं. तिचं मन कुणीतरी वळवलं, असं वडिलांचं म्हणणं. ती स्वतः 'माझं मी ठरवलं' म्हणत असताना उच्च न्यायालयानं, या वयाची मुलगी दुबळी असते असं म्हणत, ते लग्न रद्द केलं. मार्च २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, पण दरम्यान तिचे कितीतरी महिने बापाच्या घरात पहाऱ्याखाली गेले.

म्हणजे पाहा: बाई जळाली, तर तिनं स्वतः केलं. पिशवी काढली, अंगठा तिचाच. आणि जोडीदार निवडला, तर मात्र कुणीतरी तिच्यावर मोहिनी घातली! तिला मन आहे की नाही, हे तिनं काय केलं त्यावर इतर ठरवतात. पडद्यावर दोनच अवस्था असतात, डोळे जिवंत किंवा डोळे काचेचे. आपल्याकडे येणारी बाई या दोन्हींत बसत नाही. ती मार खाऊन परत सासरी जाते, आपण चिडतो, आणि तिच्याकडे तसं करण्याची चार कारणं असतात, त्यांतली दोन तिची स्वतःची असतात. त्या बीडच्या बाईनंही पिशवी काढली आहे. मी विचारलं, पश्चात्ताप होतो का? ती म्हणाली, "कंबर मोडली, ते खरं. पण त्या वर्षी उचल फिटली, पोरगी शाळेत राहिली." मी गप्प बसले.

दुपारी पाऊस ओसरल्यावर बायकांनी उरलेला सिनेमा बघायचाच असा हट्ट धरला. काडेपेटीच्या प्रसंगाला पुन्हा हशा पिकला. हशा ओसरला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "थांबा की, तिला बोलू द्या." मग तासभर आम्ही तेच केलं. मॅडलिन शुद्धीवर आल्यावर काय बोलली असती, हे एकेकीनं उठून बोलून दाखवलं. कुणी नवऱ्याला जाब विचारला, कुणी माहेरी निघाली. बीडची बाई घाण्याकडे गेली आणि तिनं सगळ्यात आधी मजुरांचा हिशेब मागितला.