वाढीचे हे ग्रॅम येतात कोठून?

गर्भाची खुंटलेली वाढ आता एका इंजेक्शनने भरून निघणार, अशा आशयाचे मथळे विज्ञानवार्तांमध्ये अधूनमधून झळकतात आणि आपण ते उत्साहाने पुढे पाठवतो. त्या संशोधनाला माझा विरोध नाही. भारतातील कमी वजनाच्या बालकांवरचा तोडगा म्हणून ते मांडले जाते, त्याला आहे.

मूळ कल्पना सुंदर आहे. वारेला पुरेसे रक्त न मिळाल्याने अनेक गर्भांची वाढ खुंटते. अरुंद नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या २० टक्क्यांनी वाढली तर त्याच दाबाखाली प्रवाह दुप्पट होतो. म्हणून धमन्या रुंदावणारा वाढघटक गर्भाशयाच्या धमन्यांतच निर्माण करायचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ॲना डेव्हिड यांच्या गटाने ‘व्हीईजीएफ’ या वाढघटकाचे जनुक विषाणूकरवी मेंढ्यांच्या गर्भाशय-धमन्यांत पोहोचवले आणि तेथील रक्तप्रवाह वाढला.

पुढे गिनीपिगवर प्रयोग झाले. मादीला कमी आहार देऊन पिल्लांची वाढ रोखली गेली. जनुकोपचारानंतर पिल्लांचे वजन वाढले. बातमी येथे संपते. माझा प्रश्न येथे सुरू होतो. हे जादा ग्रॅम आले कोठून? वाढघटक हा संदेश आहे, अन्न नव्हे. वस्तुमान शून्यातून निर्माण होत नाही. ते आईच्या अपुऱ्या घासातून किंवा तिच्या अंगावरील साठ्यातूनच येणार.

आता आपल्या देशाकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) सुमारे ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आहे आणि सुमारे १८ टक्के बाळे जन्मतः अडीच किलोंपेक्षा कमी वजनाची आहेत. जिच्या रक्तातच तूट आहे, तिच्या धमन्या रुंद करणे म्हणजे रित्या टाकीला मोठा नळ बसवणे. बाळाच्या खात्यात जमा होणारी रक्कम आईच्या खात्यातून वजा होते, ही नोंद मथळ्यात कधी येते काय?

शिवाय प्रवाह वाढला की बाळ सुखरूप, हे गृहीतकही महागात पडलेले आहे. सिल्डेनाफिल हा वाढघटक नव्हे, पण तर्क तोच होता: रक्तवाहिन्या शिथिल करा, वारेला रक्त द्या. नेदरलँड्समधील चाचणी जुलै २०१८ मध्ये थांबवावी लागली. तेव्हाच्या नोंदींनुसार औषध घेतलेल्या ९३ स्त्रियांच्या बाळांपैकी १७ जणांना फुप्फुसांचे विकार झाले आणि त्यांतील ११ दगावली. उपचाराचे माप जिवंत, निरोगी मूल आणि धडधाकट आई हेच असले पाहिजे, ग्रॅम नव्हेत.

‘आहाराने तरी काय साधले?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या वस्त्यांतील चाचणीत स्त्रियांना हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांपासून बनवलेला खाऊ रोज दिला गेला. सरसकट पाहता जन्मवजनात ठोस वाढ दिसली नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून तो मिळालेल्यांत सरासरी सुमारे ४८ ग्रॅमची वाढ दिसली. सर्वांत कृश स्त्रियांना मात्र तो लाभ झाला नाही. यातून आहार निरुपयोगी ठरत नाही. आपण फार उशिरा जागे होतो, एवढेच ठरते. मुलीच्या ताटातली उणीव नऊ महिन्यांत भरून निघत नाही. खाऊने नाही, जनुकानेही नाही.

अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये गर्भवतीला किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. प्रधानमंत्री मातृ वंदना योजना पहिल्या अपत्यासाठी ५००० देते आणि उरलेल्या हजारासाठी दुसऱ्या योजनेकडे बोट दाखवते. दुसऱ्या अपत्याला लाभ मिळतो, तो मुलगी झाली तरच. त्या हजाराबद्दल किती विज्ञानवार्ता लिहिल्या गेल्या?

वारेच्या आजारावर वाढघटकांचे संशोधन अवश्य व्हावे. तेथे आज परिणामकारक औषध नाही. पण विद्यार्थी मित्रहो, अशी बातमी पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: वाढ कोणत्या प्राण्यात झाली, मूल पुढे कसे वाढले, आणि आईचे काय झाले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर ती बातमी अर्धीच आहे.