पेल्यातला व्यायाम

हृदयविकार आणि शारीरिक हालचाल यांचा संबंध आज आपण गृहीत धरतो. तो पहिल्यांदा आकडेवारीनिशी मांडला गेला लंडनच्या दुमजली बसगाड्यांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे मृत्यू वाढत चालले होते आणि कारण कोणालाच नीट सांगता येत नव्हते. डॉ. जेरी मॉरिस यांनी 1949 पासून वाहतूक कर्मचाऱ्यांची माहिती गोळा करायला घेतली. चालक आणि वाहक एकाच थरातले, एकाच गाडीत राबणारे; पण चालक जवळजवळ सगळी पाळी बसून काढायचा, तर वाहक तिकिटे देत दिवसभर जिना चढ-उतार करायचा. मॉरिस यांच्या सहकाऱ्यांनी गाड्यांत बसून पायऱ्या मोजल्या. वाहक दिवसाला 500 ते 750 पायऱ्या चढत होता. 1953 मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले: वाहकांना हृदयविकार कमी होतो, झालाच तर उशिरा होतो आणि तितका जीवघेणा नसतो.

आपल्याच निष्कर्षाविषयी मॉरिस यांना शंका होती. मुळात स्थूल माणसेच चालकाच्या नोकरीकडे वळत असतील तर? मग त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे मागवली. चालकांची कंबर खरोखरच मोठी निघाली, अगदी तरुण वयातही. पण सडपातळ, मध्यम, स्थूल असे गट पाडून पाहिले तेव्हाही वाहकच अधिक सुरक्षित ठरले. टपाल खात्यात पायी किंवा सायकलवर पत्रे वाटणारे पोस्टमन आणि खुर्चीत बसून काम करणारे कर्मचारी यांच्यातही तोच फरक दिसला. इतक्या कसून तपासलेल्या या शोधात विकण्यासारखे मात्र काही नव्हते. जिन्याची जाहिरात कोण करणार?

वाइनचे तसे नव्हते. तिचा औषधी लौकिक फार जुना. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन ग्लॅडिएटरांच्या जखमांवर वाइन वापरत असे. पण त्याच गॅलेनने लहान चेंडूच्या खेळातून होणाऱ्या व्यायामावर स्वतंत्र पुस्तिकाही लिहिली आहे. एकाच्या जागी दुसरे चालेल, असे त्याला वाटले नव्हते. ते खूळ आपल्या काळातले.

त्याचा उगम फ्रान्सच्या नावाने सांगितला जातो. लोणी, चीज, मांस यथेच्छ खाऊनही फ्रेंच माणूस हृदयविकाराने कमी मरतो, आणि तो वाइन पितो. या दोन गोष्टींची सांगड 17 नोव्हेंबर 1991 रोजी अमेरिकेतील ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात घातली गेली. संशोधक सर्ज रेनो यांचे म्हणणे घराघरात पोहोचले आणि अमेरिकेत रेड वाइनचा खप उसळला. खुद्द फ्रान्सने मात्र त्याच वर्षीच्या जानेवारीत मद्याच्या जाहिरातींवर कडक बंधने घालणारा कायदा केला होता. यकृताच्या रोगांनी भरलेली रुग्णालये त्या देशाने पाहिली होती. जगाने फ्रान्सकडून पेला उचलला, कायदा तिथेच राहू दिला, याची खंत वाटते.

त्या कोड्याची उकल पुढे बरीच झाली. 1999 मध्ये लॉ आणि वॉल्ड या ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले की फ्रान्समध्ये प्राणिज चरबीचे सेवन ब्रिटनपेक्षा खूप उशिरा वाढले. आहार बदलल्यावर हृदयविकार वाढायला काही दशके जातात, तेव्हा फ्रान्सचे आकडे अजून मागे होते एवढेच. फ्रेंच मृत्यू दाखल्यांत हृदयविकाराची नोंद काहीशी कमी होते, हेही त्यांनी मांडले. त्याआधी 1988 मध्ये शेपर आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोम दाखवली होती. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले जातात; त्यांच्या शेजारी बेताने पिणारा धडधाकट दिसला, तर त्यात नवल काय?

तोवर रेस्वेरॅट्रॉल हा शब्द बाजारात आला होता. द्राक्षाच्या सालीत सापडणारा हा पदार्थ. 2008 मध्ये त्याच वाटेवरची औषधे शोधणारी सर्ट्रिस ही कंपनी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने सुमारे 72 कोटी डॉलरना विकत घेतली आणि पाच वर्षांत तिचे स्वतंत्र कामकाज गुंडाळले. 2012 च्या जानेवारीत अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाने जाहीर केले, की रेस्वेरॅट्रॉलवरील कामामुळे नावारूपाला आलेल्या दीपक दास यांच्या संशोधनात बनावट आणि फेरफार केलेल्या माहितीची 145 उदाहरणे सापडली.

त्याच वर्षी कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचा उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि पेलाभर वाइन म्हणजे तासभर व्यायाम हे आजही मोबाइलवर फिरणारे वाक्य त्यातूनच निपजले. प्रयोगात वाइन नव्हतीच. व्यायाम करणाऱ्या उंदरांना रेस्वेरॅट्रॉलही दिले, तर ते नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त पळू शकले, इतकेच त्यात आढळले. म्हणजे पळणे दोन्हीकडे होतेच. बातमी लिहिणाऱ्यांनी नेमके तेवढे गाळले.

माणसांवरची चाचणी 2013 मध्ये कोपनहेगनला झाली. पासष्टीच्या आसपासच्या 27 पुरुषांकडून आठ आठवडे कसून व्यायाम करून घेतला. काहींना रोज 250 मिलिग्रॅम रेस्वेरॅट्रॉल दिले, बाकीच्यांना बिनऔषधाची गोळी. व्यायामाने शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढते. ती वाढ बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांतच जास्त दिसली. व्यायामाची जागा घेणे दूरच, या गोळीने व्यायामाचे फळही कमी केले. चाचणी लहान होती, हे खरे. पण माणसांवर तपासल्यावर मिळालेले उत्तर असे उलटे आहे. शिवाय मात्रेचा हिशेब पाहा. लिटरभर रेड वाइनमध्ये रेस्वेरॅट्रॉल साधारण दोनेक मिलिग्रॅम असते. रोज 250 मिलिग्रॅम मिळवायचे तर 160 हून अधिक बाटल्या लागतील.

मद्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे. 2023 च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. वाइन त्याला अपवाद नाही.

महाराष्ट्रालाही हे ठाऊक असायला हवे. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद जाहीरपणे झाला. विरोध झाला आणि निर्णय बारगळला. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराच्या उत्पन्नाचा प्रश्न खरा आहे. त्याची चर्चा शेतमालाच्या भावाची चर्चा म्हणून उघडपणे व्हावी. असा प्रस्ताव पुन्हा आला तर आरोग्याचा दाखला कोणीही त्याला जोडू नये. आरोग्याची काळजी असेलच तर पुण्या-मुंबईत सत्तरीच्या माणसाला न घाबरता चालता येतील असे पदपथ आधी मोकळे करा, आणि शाळांच्या मैदानांवर इमारती चढवायच्या परवानग्या थांबवा.