हरण्या उपटून संपत नाही!

भुसावळ, यावल, रावेरच्या केळी उत्पादकांना जाहीर आवाहन

मृगबागेत हरण्या शिरला की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पानावर पिवळे पट्टे, सडका पोंगा, आणि मग एकेक झाड उपटून गाडायचं. सल्ला दरवर्षी तोच : उपटा, मावा मारा, बागेत काकडी-भोपळा लावू नका. सल्ला बरोबरच आहे. पण लागलेल्या झाडाला औषध नाही. हरण्याचा विषाणू केळीच्या पेशीत शिरून तिचीच यंत्रणा स्वतःच्या कामाला कशी जुंपतो, हे मुळातून कळल्याशिवाय तोड निघायची नाही. त्यात आपली बाग म्हणजे एकाच झाडाच्या हजारो प्रती. बी नाही, म्हणून संकरही सोपा नाही.

"असल्या संशोधनाचा शेतकऱ्याला काय उपयोग?" म्हणणाऱ्यांनी आपलं टिश्यू कल्चरचं रोप हातात घ्यावं. तंबाखूची पेशी कशामुळे विभागते, एवढंच अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात स्कूग आणि मिलर शोधत होते. १९५५ साली हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतल्या जुन्या डीएनएमधून त्यांना पेशी विभागायला लावणारं कायनेटिन मिळालं. ताज्या डीएनएत ते नव्हतंच! १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्याच पेशींसाठी वाढीचं माध्यम बसवलं. त्या माध्यमावर, कायनेटिनच्या जातकुळीतलं संप्रेरक घालून, आज प्रयोगशाळेत केळीला फुटवे आणतात. त्यांच्या टेबलावर केळी नव्हती, तरी पगार कुणी अडवला नव्हता.

आणि आपल्याकडे? संशोधनावरचा देशाचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के. केंद्राच्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचे पाच वर्षांचे ५०,००० कोटी फार गाजले. त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. पंगतीचं आमंत्रण यांचं, शिधा लोकांचा! २०२५ मध्ये एक लाख कोटींचा नवा निधी जाहीर झाला, तो मुख्यतः खासगी क्षेत्राला स्वस्त कर्ज म्हणून. पेशीतलं कोडं सोडवायला कर्ज कोण काढणार? आणि जी पोरं ते कोडं घेऊन बसलीत, त्यांची ३७,००० रुपयांची फेलोशिप महिनोन्‌महिने रखडते.

राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र १९९३ पासून तिरुचिरापल्लीत आहे, आपल्यापासून शेकडो कोसांवर. जळगावला मात्र कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, तिथे जीवशास्त्राची प्रशाळा आहे. केळीच्या विषाणूंवर मूलभूत काम करायला तिथे सलग दहा वर्षांचा निधी द्या, आणि फेलोशिप दर महिन्याला खात्यात टाका, ही आमची मागणी. पुढारी पीकविम्याच्या घोषणा घेऊन बांधावर येतील, तेव्हा भरपाईच्या आकड्याबरोबर या निधीचाही आकडा त्यांच्याकडून लेखी घ्या.