फटी बुजवा, पण धुराची वाट ठेवा

मागच्या जानेवारीत मी आईबरोबर पुण्याला मामाकडे गेलो होतो. मामा कसबा पेठेत जुन्या वाड्यात राहतो. रात्री लई थंडी वाजली. दोन गोधड्या घेतल्या तरी पाय गारच. मामा म्हणाला, "ही काहीच नाही. १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात पारा १.७ अंशांवर उतरला होता." शिवाजीनगरला हवामान खात्याचे मोठे ऑफिस आहे. ते १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आले, म्हणून लोक त्याला अजून शिमला ऑफिस म्हणतात.

वाड्याच्या भिंती हातभर जाड आहेत. मग थंडी येते कुठून? मामाने पंखा बंद केला, उदबत्ती पेटवली आणि ती दाराखिडक्यांजवळ हळूहळू फिरवली. फट नाही तिथे धूर सरळ वर जायचा. फट असली की धूर लगेच वाकडा व्हायचा. खिडकीच्या झडपा, चौकटीचा सांधा आणि दाराखालची जागा, या तीन ठिकाणी वारा सापडला. आम्ही सांध्यांवर खळीने कागद चिकटवला. दाराखाली चिंध्यांची वळकटी लावली. त्या रात्री छान झोप लागली.

गावी आल्यावर मी आमच्या घरातही उदबत्ती फिरवली. आमचे घर पत्र्याचे आहे. पत्रा नागमोडी आणि भिंत सरळ, म्हणून मध्ये भोके राहतात. मी चौदा मोजली. वडिलांनी माती कालवून ती बुजवली. पण मी शहाणपणा केला. कोणाला न विचारता चुलीवरच्या धुराड्यातही पोते कोंबले.

आजी चुलीपाशी झोपते. रात्री चुलीत निखारे होते. सकाळी आजीचे डोके लई दुखत होते, तिला उलटी पण झाली. वडिलांनी दार उघडून तिला अंगणात बसवले, मग दवाखान्यात नेले. मी घाबरून दोन दिवस गप्प बसलो. मग रडत खरे सांगितले. आजी रागावली नाही. म्हणाली, "पोरा, घराला बी नाक असतं. ते दाबायचं नाही."

बाईंनी सांगितले, की बंद खोलीत निखारे धुमसले की कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच मरू शकतो.

काही लोक म्हणतात, सगळे घर बंद करा म्हणजे ऊब राहील. काही म्हणतात, वारा खेळता पाहिजे. मला वाटते, दोघांचेही खरे आहे. नको तिथून येणारा वारा बंद करावा. त्या फटींतून विंचू आणि उंदीरही येतात. पण धुराडे आणि चुलीजवळची खिडकी कधीच बंद करू नये. शेगडी घेऊन दार लावून झोपू नये.

मित्रांनो, उदबत्ती फिरवताना मोठ्या माणसाला जवळ घ्या. पालकांनी आज घरी गेल्यावर आधी धुराडे मोकळे आहे का ते पाहावे. फटी मग बुजवाव्यात.