सात पराभवांनंतरची वैशाली

आवडीहून चेन्नईकडे निघालेला रस्ता अंबत्तूर ओलांडून पाडीला येतो. आर. वैशाली आणि आर. प्रज्ञानंद ही बुद्धिबळातली ग्रँडमास्टर भावंडे या पाडीची. ऑगस्ट 2025 मध्ये चेन्नई ग्रँडमास्टर्स स्पर्धेच्या चॅलेंजर्स गटात वैशाली लागोपाठ सात डाव हरली, तेही घरच्या शहरात. पुढच्याच महिन्यात समरकंदला महिलांची ग्रँड स्विस होती. तिथे जाऊच नये, इथवर तिचे मन आले होते. अखेर ती गेली, 11 डावांत 8 गुण मिळवून विजेती ठरली आणि विश्वविजेतेपदाची आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्ससाठी पात्रही झाली.

टोरांटोत 2024 सालच्या महिला कँडिडेट्समध्ये तर तिने याहून अवघड गोष्ट केली होती. सलग चार डाव गमावल्यावर तिने शेवटचे पाचही डाव जिंकले आणि दुसऱ्या स्थानाची बरोबरी साधली.

सलग पराभव दिसले की आपण लगेच ‘फॉर्म गेला’ म्हणून मोकळे होतो. हा निकाल फार घाईचा असतो. बास्केटबॉलमधली ‘लय’, म्हणजे लागोपाठ बास्केट करणारा पुढचीही करणारच ही समजूत, हा निव्वळ भास आहे, असे गिलोविच, व्हॅलोन आणि ट्व्हर्स्की या संशोधकांनी 1985 मध्ये मांडले. पुढे मिलर आणि सान्हुर्हो यांनी त्या गणितातली चूक दाखवली आणि वाद पुन्हा उघडला. तज्ज्ञांनाच जे इतके निसटते वाटते, ते चार निकालांवरून कसे ठरवणार?

पराभवाचा परिणाम होतो, हे मात्र खरे. हरलेला खेळाडू गमावलेला गुण भरून काढायला नको तिथे धोका पत्करतो, किंवा जिंकायची स्थिती असूनही बरोबरी घेतो. प्रतिस्पर्ध्यालाही याचा वास लागतो. एरवी ज्याने बरोबरी मान्य केली असती, तो डाव लांबवतो.

स्पर्धेची रचनाही पाहायला हवी. स्विस पद्धतीत समान गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात, त्यामुळे हरल्यावर पुढचा प्रतिस्पर्धी सहसा थोडा सोपा मिळतो. नाशिकचा विदित गुजराथी 2023 मध्ये आइल ऑफ मॅनच्या ग्रँड स्विसची पहिलीच फेरी हरला आणि 8.5 गुण मिळवून ती स्पर्धा जिंकला. सावरण्याची कमाई त्याचीच, पण वर चढायला रचनेने वाट ठेवली होती. साखळी स्पर्धेत अशी सवलत नसते. टोरांटोत आठ जणींची दुहेरी साखळी होती. म्हणून तिथले पाच विजय फार मोलाचे वाटतात.

आपल्याकडे वयोगटाच्या स्पर्धांत दोन-तीन फेऱ्या हरलेल्या मुलाला उरलेल्या फेऱ्या न खेळवताच घरी नेणारे पालक असतात. त्यांनी तसे करू नये. हरल्यानंतर पुन्हा पटावर कसे बसायचे, हे त्या उरलेल्या फेऱ्यांतच शिकता येते. प्रशिक्षकांनी गुणतक्ता बाजूला ठेवून आधी डावांची नोंदवही उघडावी आणि निवड समित्यांनी एका वाईट आठवड्यावरून नाव खोडू नये.