विचारायला लाज कसली?

जूनमध्ये शाहू जयंती आली की आपल्या फोनवर एक वाक्य हमखास फिरते : शाहू महाराजांनी कुराणाच्या मराठी भाषांतरासाठी २५ हजार रुपये दिले. मीही ते भाषणात वापरले आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. अशाच एका कार्यक्रमानंतर एक विद्यार्थिनी पुढे आली आणि म्हणाली, "सर, याचा हुकूम कुठल्या सालचा? मला प्रकल्पात लिहायचंय." मला उत्तर देता आले नाही.

"ग्रंथपालांना विचार," मी म्हणालो. ती म्हणाली, "ते असलं सांगतात का? त्यांचं काम पुस्तकं द्यायचं ना?"

हा गैरसमज एकेकाळी माझाही होता. एम.ए.ला असताना मी दोन वर्षे ग्रंथालयात गेलो. पण काउंटरवर चिठ्ठी सरकवण्यापलीकडे कधी बोललो नाही. एकदा विचारले तेव्हा "कॅटलॉग बघा" एवढेच उत्तर मिळाले. पुन्हा धीर झाला नाही. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. आपल्याला काही येत नाही हे चारचौघांत उघड होईल, ही भीती मोठी असते.

या वेळी मात्र मी तिच्यासोबत गेलो. ग्रंथपाल मॅडमनी तिला समोर बसवले आणि आधी प्रश्नच विचारले. नेमके काय शोधायचे आहे? आतापर्यंत काय वाचलेस? मोडी येते का? हातात किती दिवस आहेत? पाऊण तासात "शाहू महाराज आणि मुस्लिम समाज" हा अवाढव्य विषय १९०६ साली स्थापन झालेल्या मुस्लिम बोर्डिंगच्या सुरुवातीच्या वर्षांवर आला. सोबत एक कागद मिळाला. आधी आण्णासाहेब लठ्ठे यांचे १९२४ सालचे इंग्रजी चरित्र वाच. मग शिवाजी विद्यापीठाने छापलेले, डॉ. विलास संगवे यांनी संपादित केलेले शाहू पेपर्सचे खंड बघ. त्यानंतर करवीर सरकारचे गॅझेट आणि शेवटी पुरालेखागार. याआधी कोणी पीएच.डी. केली आहे का, ते शोधगंगावर पाहा. कुराणाच्या भाषांतराचा मुद्दा मूळ कागद हाती येईपर्यंत "असे सांगितले जाते" म्हणूनच लिही.

हे शेवटचे वाक्य मला लागले. ते माझ्यासाठीही होते.

अशी मदत ही कोणाची मेहेरबानी नाही. वाचकाशी व्यक्तिशः बोलणे हे ग्रंथपालाचे काम आहे, असे अमेरिकेतील वूस्टरचे सॅम्युअल ग्रीन यांनी १८७६ सालीच मांडले. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे दिली. त्यातले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा, असे सांगते. ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही, त्याचाच वेळ सर्वांत जास्त वाया जातो.

साधने आज कमी नाहीत. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके खुली झाली आहेत. पण लॉगिन कसे करायचे, कोणता शब्द टाकून शोधायचे, हेच माहीत नसेल तर दार उघडे असून उपयोग काय? मग आपण एआयला विचारतो आणि ते कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचे नाव छातीठोकपणे देते. आपल्या समाजाविषयी खोटे लिहिले की आपण पुरावा मागतो. तोच पुरावा आपल्या लिखाणातही हवा.

विद्यापीठे आणि महाविद्यालयांकडे मागणी साधी आहे. ग्रंथपालांची रिकामी पदे भरा. प्रत्येक विषयासाठी एक ठरलेला माणूस आणि आठवड्यातले ठरलेले तास असू द्या आणि ते फलकावर लिहा. आपल्या संघटनांनाही सांगणे आहे. गुणवंतांना शाल-श्रीफळ जरूर द्या; पण नव्या विद्यार्थ्यांचा हात धरून त्यांना एकदा ग्रंथालयातही न्या. पहिल्या दिवशी सोबत कोणी असले की दुसऱ्या दिवशी ते एकटे जातात.

आणि मित्रांनो, तुम्ही जाताना विषय एका वाक्यात लिहून न्या. काय वाचले, कुठे अडले, तेही लिहा. आधी वेळ मागून घ्या. पहिल्यांदा "कॅटलॉग बघा" असे उत्तर आले तर "कसा बघायचा ते दाखवाल का?" असे विचारा. मी ते विचारले नाही आणि त्यात माझी दोन वर्षे गेली.

ती विद्यार्थिनी आता मोडी शिकते आहे. पुढच्या जूनमध्ये भाषण करण्याआधी मी तिला विचारणार आहे.