ओठ शिवला, दातांचे काय?

शिरोड्याच्या आसपास दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले की पहिला प्रश्न त्या आईलाच होतो : ग्रहणात काय चिरलेस? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांतही तो कानी येतो, याचे आम्हाला वाईट वाटते. जगात साधारण 700 जन्मांमागे एक मूल असे असते. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत चेहऱ्याचे भाग जुळून यायचे राहतात. आईच्या विळीचा त्यात काडीचा संबंध नाही.

ओठाचे ऑपरेशन आता बऱ्याच ठिकाणी मोफत होते. ओठ शिवला की घरचे म्हणतात, सुटलो! पण भेग हिरडीतून गेली असेल तर तिथला दात उगवतच नाही किंवा वाकडा येतो. वेड्यावाकड्या दातांत घास अडकतो, कीड लागते. आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास, सुळा येण्याआधी, कमरेचे हाड घेऊन हिरडीची भेग भरावी लागते. ही वेळ टळली की पुढचे काम अवघड होते. आणि किडके दात आधी बरे केल्याशिवाय डॉक्टर हाड भरत नाहीत, तारही बसवत नाहीत. म्हणून दुधाचे दात 'पडायचेच आहेत' म्हणून सोडू नयेत. कीड भरणे, दात साफ करणे गावाजवळचा दंतवैद्यही करू शकतो.

तारेचे काम मात्र लांबचे. तेरेखोलची खाडी ओलांडून बांबोळीचे गोवा डेंटल कॉलेज, नाहीतर मुंबईचे सरकारी दंत महाविद्यालय किंवा नायर. मुंबईत आपला कोणी ना कोणी असतो, मे महिन्यात मूल त्याच्याकडे राहीलही. पण तार दर महिन्याला आवळावी लागते, वर्ष-दोन वर्षे. प्रत्येक खेपेला आईबापाची मजुरी बुडते. शेजारच्या गोवा मेडिकल कॉलेजात 2018 मध्ये परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन उभे राहिले होते. उपचार परजिल्ह्यात, परराज्यात असले की गरिबाचे असेच होते.

2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ आणि टाळू यांचा नावानिशी समावेश आहे, तोही वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. अंगणवाडीत, सरकारी शाळेत तपासणीचे पथक येते. ऑपरेशन झालेले मूलही त्यांच्यापुढे उभे करा. 'ओठ झालाय' म्हणून पुढे सरकू देऊ नका. तोंड उघडून हिरडी दाखवा आणि दातांसाठी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा. ऑपरेशनचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा, पावसात आमच्याकडे कागद टिकत नाहीत.